धर्माच्या रकान्यातलं माझं अक्षर

बावीस वर्षांची असताना मी फार हुशार होते. समोरच्यानं तोंड उघडलं की त्याचं वाक्य मीच पुरं करायची. पुढं वय वाढलं तशी हुशारी ओसरत गेली. आता सत्तरीला टेकल्यावर उरलीय ती नुसती खोड. नात विचारते, "आज्जी, तू आधीपासून अशीच वाह्यात होतीस का गं?" मी म्हणते, "नाही बाळा, तेव्हा मी फार भली होते. तिथंच घात झाला."

त्या भलेपणाची ही हकिकत.

सिल्लोडच्या रस्त्यावर, फाट्यापासून दोन मैल आत, एका गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा होती. तिथं मी नव्यानं लागले. मी मिशन कंपाउंडात वाढलेली. आमच्याकडं पणजोबांपासून बाप्तिस्मा, सगळ्या कागदांवर स्वच्छ ‘ख्रिश्चन’. पणजोबा त्याआधी कोण होते, हे कुणी विचारायचं नाही. विचारलं की घरातली मोठी माणसं एकदम चहा ठेवायला उठायची. मांग होते, दुसरं कोण असणार! पण तीन पिढ्या बाजाच्या पेटीवर गाणी म्हणून आमचे कान असे काही सुधारले होते, की ढोलकीवर प्रार्थना म्हणणारे खेड्यातले ख्रिस्ती आम्हाला जरा कच्चे वाटायचे. माझ्या पर्समध्ये छोटं शास्त्र, म्हणजे बायबल, असायचं आणि पावडरची डबी. दोन्ही दिवसातून तीनदा उघडायची.

सकाळच्या परिपाठात बोधकथा सांगायचं काम माझ्याकडं होतं. मला वाटायचं, सरकारी शाळेत धर्म शिकवायचा नाही हे खरं, पण गोष्ट सांगायला कोण अडवतंय! मग मी शास्त्रातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. त्यातला मेंढपाळ भोकरदनकडचा धनगर केला, म्हणजे कुणाला पत्ता लागू नये. नव्याण्णव मेंढरं रानात सोडून तो एका मेंढरामागं कसा गेला, हे मी डोळ्यात पाणी आणून सांगितलं. दुसरीतलं एक पोरगं उभं राहिलं. "बाई, मंग त्या नव्याण्णवांना लांडग्यानं खाल्लं आसंल की." सगळी शाळा हसली. मी त्याला खाली बसवलं. प्रश्न बरोबर होता हे कळायला मला फार वर्षं लागली.

शाळेत सगळ्यांचं सगळं व्हायचं. सरस्वतीपूजन व्हायचं, चौदा एप्रिलला निळ्या पताका लागायच्या, ईदच्या दुसऱ्या दिवशी तिसरीच्या गुरुजींच्या घरून शिरखुर्म्याचं पातेलं यायचं. नाताळचं मात्र कुणी नाव काढायचं नाही. ते मला सलायचं. पहिल्याच डिसेंबरात मी हेडगुरुजींपुढं जाऊन उभी राहिले. माणूस सज्जन. तंबाखू मळता मळता त्यांनी माझं अख्खं भाषण ऐकून घेतलं.

"बाई, माझी काय हरकत? पण करायचं कुनासाठी? पोरं हायेत का आपल्यात ख्रिश्चन?"

"मी आहे ना."

"तुमी पोरगं न्हाईत." त्यांनी तंबाखू ओठाखाली सरकवला. "रजिस्टरात येक तरी दाखवा. उद्या तपासणीला साहेब आले आन् म्हनले, हे कशापायी केलं, तर मला दाखवाया काही पायजे का नको?"

रजिस्टर म्हणजे प्रवेश-निर्गम रजिस्टर. शाळेत कोण आलं, कोण गेलं, त्याची जाडजूड वही. त्यात धर्म आणि जात लिहायला एक रकाना असतो. त्या रकान्यात आमच्या शाळेत एकही ख्रिश्चन नव्हता, आणि तरीही होते. ओढ्यापलीकडच्या वस्तीत पत्र्याचं एक प्रार्थनाघर होतं. दर रविवारी प्रार्थना चालवायला तालुक्याहून पाळक सायकलवर यायचे, सात-आठ घरं जमायची, मीही जायची. पण त्या सगळ्या घरांच्या पोरांपुढं वहीत ‘हिंदू मांग’ लिहिलेलं. कारण कागदावर ख्रिश्चन झालं की अनुसूचित जातीची सवलत जाते. शिष्यवृत्ती जाते, वसतिगृह जातं, पुढं नोकरीची आशा जाते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. मला तो भित्रेपणा वाटायचा. माझी नोकरी लागलेली होती, त्यामुळं धैर्याला तोटा नव्हता.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. प्रार्थनाघरात सगळ्यात मोठ्यानं गाणारी एक बाई होती. आवाज असा की पत्रे थरथरायचे. सुराला ती फारसं विचारत नसे. ती सहा वर्षांच्या लेकीला घेऊन शाळेत आली. रजिस्टर माझ्यापुढं होतं, कारण माझं अक्षर वळणदार. मुलीची जन्मतारीख मी नेहमीसारखी पेरणी आणि पोळ्याच्या हिशेबानं ठरवली. मग विचारलं, "धर्म, जात?"

ती हसली. "आता ते तुमाला काय सांगायचं बाई! समद्या वस्तीचं लिवलंय तेच लिवा."

"म्हणजे काय?"

"म्हंजी हिंदू मांग." मग आवाज खाली आणून, "आपलं आपल्याला ठावं हाय की."

मी मान डोलावली आणि रकान्यात ‘ख्रिश्चन’ लिहिलं. तिनं अंगठा उठवला. हेडगुरुजींनी पानाखाली सही केली. सही करताना ते कधीच कागदाकडं बघत नसत, रस्त्याकडं बघत.

त्या डिसेंबरात आमच्या शाळेत नाताळ झालं. काय सांगू, असं नाताळ जिल्ह्यात झालं नसेल! व्हरांड्यात कडब्याच्या पेंढ्या टाकून गोठा केला. एक खरी शेळी बांधली, तिनं अर्धा गोठा खाल्ला. तीन राजे तीन घरचे होते. एक पाटलाचा नातू, आजीची पैठणी खांद्यावर टाकून. एक बौद्धवाड्यातला, एक तांबोळ्याचा. येशूची आई मरिया झाली ती ओढ्यापलीकडची मुलगी. बाहुली कुठं मिळाली नाही, म्हणून माझं लाटणं पंच्यात गुंडाळून तिच्या मांडीवर दिलं. ती त्या लाटण्याला अशी थोपटत होती की गावातल्या बायांनी डोळ्याला पदर लावला. आता प्रशिक्षणात ‘सर्वसमावेशक शिक्षण’ म्हणून तीन-तीन दिवस व्याख्यानं देतात. मी ते शेळीसकट करून दाखवलं होतं. निदान त्या दुपारी मला तसं वाटत होतं.

शेवटी हेडगुरुजी बोलायला उठले. "आपल्या शाळेत समद्या धर्माची लेकरं हायेत," ते म्हणाले आणि त्या पोरीचा हात धरून वर केला. "ही बघा आपली ख्रिश्चन विद्यार्थिनी!"

टाळ्या झाल्या. कुंपणाशी तिची आई उभी होती. तिनं टाळी वाजवली नाही.

दिवे लागायच्या आत ती माझ्या खोलीवर आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाई, त्या वहीत काय लिवलंय तुमी?"

"खरं ते लिहिलंय."

"खोडा."

"सरकारी वहीत खोडाखोड चालत नाही."

"तुमच्याच हातचं हाय. गुरुजींना सांगा, चुकलं म्हणावं. पोरीच्या मागं भाऊ येतोय, त्याच्या मागं आनिक कोन येतंय."

"इतकी लाज वाटते देवाची?" मी म्हणाले. "रविवारी तर एवढ्या मोठ्यानं गाता."

"देवाची लाज कशाला वाटंल? त्याला ठावं हाय समदं. तहशिलीला ठावं नसलं पायजे."

मग मी बोलले. चांगली पंधरा मिनिटं बोलले. विश्वास, धैर्य, साक्ष, रक्त सांडलेले हुतात्मे, सगळं काढलं. आज ते आठवलं तरी अंगावर पाल पडल्यासारखं होतं. सकाळी शेतात वाकून आलेल्या बाईला उभं ठेवून मी हुतात्मे सांगत होते, आणि मी स्वतः खाटेवर बसले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. जाताना एवढंच म्हणाली, "तुमचं बरंय बाई. तुमच्या पणज्यानं उरकून ठिवलंय."

पुढच्या रविवारी ती प्रार्थनेला आली. तसंच पत्रे हलवत गायली. माझ्याकडं मात्र बघितलं नाही. दोन वर्षांनी माझी बदली पैठणकडं झाली आणि मी ते सगळं विसरून गेले. विसरण्यातही मी हुशारच होते.

गेल्या वर्षी ऑगस्टात आमच्या शहरातल्या गारखेड्याच्या घराची बेल वाजली. दारात पन्नाशीची एक बाई आणि अठराएक वर्षांची मुलगी. मुलीच्या छातीशी फाईल.

"वळखलं का बाई?"

"नाही गं."

"मी तुमची मरिया. लाटण्याची माय."

मी इतकी हसले की चष्मा काढावा लागला. तीही हसली. "तवा लई कडक व्हत्या तुमी. आता पार वाळून गेल्या." चहा झाला. आई पाच वर्षांमागं गेली, तिनं सांगितलं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मी विचारलं, दाखला नेला होतास का? "निंदायला दाखला लागत नाय बाई." मग तिनं मुलीला डोळ्यानं खुणावलं. मुलीनं फाईलमधून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढं ठेवली.

माझंच अक्षर. काय वळण होतं मेलं!

मुलगी तिच्या धाकट्या भावाची. नर्सिंगच्या पदवीला अनुसूचित जातीच्या जागेवर नंबर लागलेला. पण त्या जागेला जातीच्या दाखल्याची पडताळणी लागते, आणि पडताळणीत बापाकडच्या सगळ्या माणसांचे शाळेतले उतारे बघतात. बाप, आजा, चुलते, आत्या. भावाच्या नावापुढं सगळं नीट होतं. तो शाळेत आला तेव्हा मी तिथून गेलेली होते. "समद्या खानदानात येकच कागद वाकडा निघाला," ती म्हणाली. "माझा. साहेब म्हनले, आत्या ख्रिश्चन तर बाप हिंदू कसा? आता तुमच्याकडं येतील चवकशीला. दाखला वक्तावर नाय आला तर पोरीची जागा जाती."

"मी सांगते ना," मी म्हणाले. "तुझ्या आईनं तसं सांगितलंच नव्हतं, मी मनानं लिहिलं, हे सांगते. ते खरंच आहे."

"तेवढ्यावर भागत नाय. ते इचारतात, परार्थनेला जात व्हते का."

मुलगी भिंतीवरच्या क्रुसाकडं बघत होती. मी बघितलं तशी तिनं नजर फाईलवर आणली.

"म्हणजे मी खोटं सांगायचं?" मी म्हणाले. "अगं, मी दर रविवारी शब्बाथशाळेत पोरांकडून पाठ करून घेते, खोटी साक्ष देऊ नये म्हणून."

"तवा खरं लिवलं व्हतं तुमी," ती शांतपणे म्हणाली. "त्याचं काय झालं ते या फायलीत हाय."

अधिकारी आठवड्याभरानं आला. दक्षता पथकातला, तरणा, हेल्मेट काखेत. नम्र होता. आधी पाणी मागितलं, मग भिंत बघितली.

"मॅडम, तुम्ही ख्रिश्चन?"

"चार पिढ्या."

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच. आता असं येत नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. हेडगुरुजींची अट, माझा हट्ट, शेळी. त्याला हसू आवरेना. "म्हणजे कार्यक्रमासाठी विद्यार्थिनी ख्रिश्चन केली तुम्ही?"

"हो. राजे मिळाले होते तीन. ख्रिश्चन मिळत नव्हता."

"याला मी काय लिहू? चूक, की बनाव?"

"बावीस वर्षांच्या बाईची अक्कल लिहा. तुमच्या अर्जात तसा रकाना असेल तर."

तो हसत हसत लिहीत होता. मला वाटलं, झालं, एवढ्यावर निभावलं. मग त्यानं पान उलटलं.

"त्या वस्तीत प्रार्थनाघर होतं?"

"होतं."

"तुम्ही जायच्या?"

"जायची."

"या मुलीची आई तिथं यायची का?"

चारचौघी आल्या असत्या आणि त्यातली ती एक असती, तर कदाचित सोपं गेलं असतं. पण त्या खोलीत खरं गाणारी तीच एक होती. बाकीचे आम्ही ओठ हलवायचो. पाळक सायकलला कुलूप लावायच्या आत तिनं सुरुवात केलेली असायची.

"नाही," मी म्हणाले.

"कधीच?"

"कधीच नाही. निंदणीला जायची ती. रविवारीसुद्धा."

त्यानं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. सदर महिला प्रार्थनेस येत असल्याचे आढळले नाही. मी सही केली. त्यानं चहा घेतला, आमच्या गच्चीवरच्या लिंबाचं कौतुक केलं आणि गेला. तिनं खोडायला सांगितलं तेव्हा मी खोडलं नव्हतं. आता खोडायला बसले, तर तिलाच खोडावं लागलं.

नात स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. "आज्जी, तू खोटं बोललीस?"

"हो."

"मज्जा आली?"

"नाही."

त्या रविवारी शब्बाथशाळेत मी पोरांना दहा आज्ञा म्हणायला लावल्या नाहीत. चित्रं रंगवायला दिली. पाळकांनी कारण विचारलं, मी गुडघे दुखतात म्हणाले. आता गुडघ्यांचा आणि आज्ञांचा काय संबंध, पण म्हातारीला कुणी खोलात विचारत नाही. मला कबुली द्यायची भीती नव्हती. पण देवापुढं चुकलं म्हणायचं तर ते मनापासून हवं. आणि माझं मन म्हणत होतं, उद्या तो हेल्मेटवाला परत आला तर परत हेच सांगीन. मग क्षमा कशाची मागायची?

महिन्याभरानं दुपारी फोन आला.

"झालं बाई. दाखला भेटला. पोरगी कालिजात बसली."

"अगं मग पेढे घेऊन ये की! मी इथं वाट बघतेय."

तिनं आवाज खाली आणला.

"येत नाय बाई. कुनी तक्रारीचा अर्ज टाकला तर परत समदं उघडतंय म्हनं. गावात डोळे लावून बसल्यात लोकं. भाऊ म्हनला, बाईकडं आता जायचं नाय, फोन बी ह्योच शेवटचा." मग म्हणाली, "घरातलं समदं काढलं आमी. भिंतीवरचं, मायच्या पेटीतलं. भाऊ रविवारचा शेतात जातो आता."

मी अधिकाऱ्याला जे खोटं सांगितलं होतं, ते त्यांनी खरं करून टाकलं होतं.

"आन् येक," ती म्हणाली. "पोरीनं खोली गारखेड्यातच घेतली हाय, मैतरणींसंगं. कुठं दिसली तर वळख दाखवू नका. तिला बी सांगितलंय मी."

"बरं," मी म्हणाले.

"माय आसती तर तुमाला शिव्या दिल्या आसत्या," ती म्हणाली. मला वाटतं ती हसत होती. मग फोन बंद झाला.

डिसेंबरात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ती आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी विचारलं, तुमच्याकडं नाताळ करता का गं? ती म्हणाली, "बाई, आता नाव काढलं तरी कुणीतरी अर्ज टाकतंय. आम्ही त्या दिवशी स्वच्छता मोहीम घेतो." मी म्हटलं, बरं करता. आणि मला ते खरंच बरं वाटलं, याचंच वाईट वाटलं.

नाताळच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मी भाजीला गेले. गाड्यापाशी तीन-चार मुली उभ्या होत्या, नर्सिंगच्या गणवेशात, टोमॅटो निवडत. त्यात ती होती. आत्याचं नाक, आजीचा जबडा. तिनं वर बघितलं आणि तिची हनुवटी एवढीशी हलली, मोठ्या माणसाला बघून हलते तशी. मैत्रीण लगेच म्हणाली, "कोण गं?"

मी झटकन गाड्याकडं वळले. "मेथी कशी दिली?"

भाजीवाला माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "आज्जी, ती कोथिंबीर हाय."

मैत्रिणी हसल्या. "कुणी नाही," ती म्हणाली. ती हसली नाही. तिनं पिशवी उचलली आणि पुढच्या गाड्याकडं गेली. मी नको असलेल्या कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन लांबच्या गल्लीनं घरी आले.